जागा वाढते, पसाराही वाढतो

इंदूरच्या नागरिकांना कचऱ्याविषयी काही नवे सांगावे, अशी स्थिती आता राहिलेली नाही. नेमावर मार्गावरील देवगुराडिया येथे वर्षानुवर्षे साचलेले कचऱ्याचे डोंगर ह्या नगराने पाहिले, आणि ते डोंगर नाहीसे झालेलेही पाहिले. २०१८ साली तेथील सुमारे १३ लाख टन जुना कचरा उपसून व निवडून वेगळा करण्यात आला आणि सुमारे १०० एकर भूमी मोकळी झाली. तथापि नगराची कीर्ती झाली ती केवळ मोकळ्या भूमीमुळे नव्हे. ओला कचरा निराळा, सुका निराळा, ही सवय त्यापूर्वीच घरोघरी लागू लागली होती. २०१७ सालापासून स्वच्छता सर्वेक्षणात इंदूरचा पहिला क्रमांक वर्षामागून वर्षे लागत गेला, त्याचे मूळ ह्या सवयीत होते. सवय न लावता कचऱ्यासाठी आणखी शंभर एकर दिले असते, तर एका डोंगराचे दोन डोंगर झाले असते, एवढेच.

हाच न्याय एका अगदी निराळ्या क्षेत्रास लागू पडतो, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ते क्षेत्र म्हणजे संगणकांचे. कापडगिरण्यांचे शहर म्हणून एके काळी ओळखले जाणारे इंदूर आज सॉफ्टवेअरचेही शहर झाले आहे. सुपर कॉरिडॉरवर टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस व इन्फोसिस यांची संकुले उभी आहेत, आणि मराठी घरांतील कितीतरी मुलेमुली ह्याच व्यवसायात आहेत. ह्या व्यवसायातील प्रत्येकास एक अनुभव ठाऊक असतो. जुना सर्व्हर अपुरा पडतो म्हणून दुप्पट सामर्थ्याचा नवा आणावा, काही दिवस सर्व काम सुरळीत चालावे, आणि दीड-दोन वर्षांत तोही अपुरा पडावा. माणसे तितकीच, काम जवळजवळ तितकेच. मग ही नवी जागा गेली कोठे?

प्रथम सर्व्हर म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. सर्व्हर हा एका माणसाच्या उपयोगाचा संगणक नव्हे; तो अनेकांच्या मागण्या एकाच वेळी पुरवितो. रेल्वेचे तिकीट काढणारा, बँकेतील शिल्लक पाहणारा, परीक्षेचा निकाल शोधणारा, ह्या सर्वांच्या हातातील मोबाइल अखेर कोठल्यातरी सर्व्हरकडेच मागणी पाठवितो. लग्नकार्यातील मुदपाकखान्याशी त्याची तुलना करता येईल. तेथे आचारी असतात, त्यांच्यापुढे ओटा असतो आणि मागे कोठीघर असते. संगणकातील प्रोसेसर म्हणजे आचारी, मेमरी म्हणजे ओटा आणि डिस्क म्हणजे कोठीघर. आचाऱ्याचा हात चालतो तो ओट्यावर मांडलेल्या जिनसांवरच. एखादी जिन्नस कोठीतून आणावयाची म्हटली की खेप घालावी लागते आणि वेळ जातो. म्हणून ओटा जितका प्रशस्त, तितकी पंगत लवकर उठते. परंतु ओटा प्रशस्त झाला की त्यावर आजच्या स्वयंपाकाबरोबर कालची पातेलीही राहू लागतात, हेही तितकेच खरे.

आरंभी हा ओटा किती लहान होता, ह्याचे उदाहरण मुंबईतच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय तंत्रज्ञांनी एक संगणक बांधला व तो १९६० साली कामास लागला. पुढे त्याचे नाव ‘टिफ्रॅक’ असे ठेवण्यात आले. त्याच्या मेमरीत २,०४८ शब्द मावत आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा असे. आजच्या मापाने ही जागा सुमारे १० किलोबाइट भरते. एवढ्या जागेत शास्त्रज्ञ आपली गणिते बसवीत. आज मोबाइलवर काढलेल्या एका साध्या छायाचित्राला ३ मेगाबाइट जागा लागली, तर ती टिफ्रॅकच्या सगळ्या मेमरीच्या सुमारे तीनशे पट होते. त्या काळच्या आज्ञावलीकारास प्रत्येक शब्दाचा हिशेब ठेवावा लागे. कारण जागा संपली की काम थांबे. त्याची काटकसर हा सद्गुण होता की निरुपाय होता, हा प्रश्न बाजूस ठेवला तरी, काटकसर होत असे हे निश्चित.

पुढे जागा वाढू लागली आणि ती कल्पनातीत वेगाने वाढली. १९६५ साली गॉर्डन मूर यांनी असे अनुमान मांडले की, एका चकतीवर बसणाऱ्या सूक्ष्म घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल. १९७५ साली त्यांनी तो काळ दोन वर्षांचा केला, आणि नंतर कित्येक दशके हे अनुमान बरेचसे खरे ठरले. अर्थात ज्या गतीने यंत्रे वाढली, त्या गतीने कामे झटपट व्हावयास हवी होती. तसे सर्वत्र झाले नाही. घरोघरच्या संगणकांतील विंडोज ह्या प्रणालीचेच उदाहरण घ्यावे. १९९५ सालच्या विंडोजला किमान ४ मेगाबाइट मेमरी पुरत असे. २००१ सालच्या एक्स-पीला ६४ मेगाबाइट लागू लागली, २००९ सालच्या विंडोज सातला एक गिगाबाइट, आणि २०२१ सालच्या विंडोज अकराला ४ गिगाबाइट. सव्वीस वर्षांत ही किमान गरज एक हजार पटींहून अधिक झाली. पत्र लिहिणारा माणूस मात्र १९९५ साली ज्या वेगाने टंकलेखन करीत होता, त्याच वेगाने आजही करतो.

ह्या विसंगतीवर १९९५ सालीच एका थोर संगणकशास्त्रज्ञाने बोट ठेवले. ‘पास्कल’ ह्या संगणकभाषेचे जनक निक्लाउस वर्थ हे स्वित्झर्लंडचे. त्या वर्षी लिहिलेल्या एका लेखात त्यांनी असे प्रतिपादन केले की, यंत्रे जितक्या त्वरेने वेगवान होतात, त्याहून अधिक त्वरेने सॉफ्टवेअर मंद होत आहे. ह्या विचाराचे श्रेय त्यांनी आपले सहकारी मार्टिन रायझर यांस दिले. तथापि जगाने त्याला ‘वर्थचा नियम’ असेच नाव दिले. वर्थ केवळ तक्रार करून थांबले नाहीत. युर्ग गुटक्नेख्ट यांच्या साहाय्याने त्यांनी झुरिक येथे ‘ओबेरॉन’ नावाची एक संपूर्ण प्रणाली रचून दाखविली. थोड्या जागेतही पुष्कळ काम होऊ शकते, हे तिने सिद्ध केले.

मुळात हा दोष संगणकाने जन्मास घातलेला नाही. १९५५ साली सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी ‘द इकॉनॉमिस्ट’ ह्या ब्रिटिश साप्ताहिकात एक खोचक लेख लिहिला. एखाद्या कामासाठी जितका वेळ मिळेल तितका वेळ ते काम व्यापते, असा त्याचा आशय होता. पुराव्यादाखल त्यांनी ब्रिटिश नौदलाचे आकडे दिले. १९१४ ते १९२८ ह्या काळात नौदलाच्या मोठ्या लढाऊ जहाजांची संख्या ६२ वरून २० वर आली. मुख्य कचेरीतील अधिकारी मात्र २,००० चे ३,५६९ झाले. जहाजे घटली आणि कारकुनी वाढली! वेळ असो, पैसा असो वा मेमरी असो. जे मोकळे दिसते ते भरून काढण्याकडे मनुष्याची प्रवृत्ती असते, हेच ह्यातून दिसते.

परंतु येथे न्याय केला पाहिजे. सॉफ्टवेअरने व्यापलेली सर्वच जागा वाया गेलेली नाही. त्यांतील एक वाटा तर मराठी वाचकांच्याच पदरात पडलेला आहे. आरंभीच्या संगणकांना रोमन अक्षरांपलीकडे फारसे काही येत नसे. भारतीय लिप्या पडद्यावर दिसाव्यात म्हणून पुण्याच्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ कार्ड संगणकात निराळे बसवावे लागे. १९९१ सालच्या भारतीय मानकात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास एक बाइट दिलेला होता. आज सर्व जगाच्या लिप्यांना सामावून घेणारी युनिकोड पद्धती रूढ आहे. तिच्या सर्वाधिक प्रचलित रूपात रोमन अक्षरास एक बाइट, तर देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. ‘इंदूर’ ह्या शब्दात पाच चिन्हे आहेत. म्हणून त्यास १५ बाइट लागतात, तर त्याच नावाच्या सहा रोमन अक्षरांना ६ बाइट पुरतात. ही उधळपट्टी म्हणावयाची काय? मुळीच नाही. एकाच पानावर मराठी, तमिळ, उर्दू आणि चिनी मजकूर सुखाने नांदू शकतो, तो ह्या वाढीव जागेच्या बळावरच.

अतिकाटकसरीचे दुष्परिणामही जगाने पाहिले आहेत. जागा वाचावी म्हणून जुन्या आज्ञावलीकारांनी वर्षाचे चारांऐवजी शेवटचे दोनच आकडे लिहिण्याचा प्रघात पाडला. २००० साल जवळ येताच, ‘००’ म्हणजे १९०० की २००० हे यंत्रास कळेना. ती चूक दुरुस्त करण्यासाठी जगभर अफाट खर्च झाला. भारतातील सॉफ्टवेअर व्यवसायास त्या दुरुस्तीच्या कामाने मोठा हात दिला, ही गोष्ट निराळी. तसेच मागणी खरोखर वाढली तर यंत्र वाढविलेच पाहिजे. रेल्वेची तिकिटे २००२ सालापासून इंटरनेटवर मिळू लागली. २०१४ साली नवी यंत्रणा आली, तेव्हा मिनिटाला २,००० तिकिटे देण्याची क्षमता ७,२०० वर गेली, आणि पुढेही ती वाढवावी लागली. खिडकीपुढची रांग घरात आली, म्हणून मागणी वाढली. ही वाढ लोकांच्या उपयोगाची आहे.

मेमरी भरलेली दिसली म्हणून लगेच घाबरून जाण्याचेही कारण नाही. अनेक सर्व्हरांवर चालणारी लिनक्स ही प्रणाली रिकामी मेमरी पडू देत नाही. नुकत्याच वाचलेल्या फायली ती ओट्यावरच ठेवते, म्हणजे पुन्हा मागणी आल्यास कोठीची खेप वाचते. आणि दुसऱ्या कामास जागा हवी झाली की त्या निमूटपणे बाजूला सारते. असे भरलेपण चतुर गृहिणीच्या कोठीसारखे असते. दोष आहे तो निराळ्या भरलेपणात.

तो दोष शिरतो कसा? पहिली वाट आयत्या सामग्रीची. आज्ञावलीकार प्रत्येक गोष्ट नव्याने लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले भाग तो आणतो, आणि ते योग्यही आहे. परंतु एक भाग आणला की तो आपल्याबरोबर दहा भाग आणतो आणि त्या दहांचे आणखी शंभर येतात. कढीलिंबाच्या एका काडीसाठी अवघी बाग घरात यावी, तसे हे होते. ह्या परावलंबनाचे दर्शन २०१६ च्या मार्चमध्ये घडले. ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या अकरा ओळींचा एक भाग त्याच्या कर्त्याने सार्वजनिक साठ्यातून काढून घेतला, आणि त्यावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष विसंबलेली हजारो कामे जगभर अडली. शब्दाच्या डाव्या बाजूस मोकळ्या जागा भरणे, एवढेच त्या अकरा ओळींचे काम होते.

दुसरी वाट नोंदवह्यांची. सर्व्हर आपल्या प्रत्येक कृतीची नोंद ठेवतो. काही बिघाड झाल्यास ती नोंद उपयोगी पडते; म्हणून नोंदी ठेवाव्यात असे सर्व सांगतात, आणि त्या केव्हा पुसाव्यात हे कोणीच ठरवीत नाही. अखेर एके दिवशी कोठीघर जुन्या वह्यांनीच भरून जाते आणि नव्या मालास जागा उरत नाही. तिसरी वाट विसराळूपणाची. एखादी आज्ञावली कामापुरती जागा मागून घेते आणि काम संपल्यावर ती परत करावयास विसरते. प्रत्येक खेपेस चिमूटभर जागा अडकते. लक्षावधी खेपांनंतर ओटाच दिसेनासा होतो. चौथी वाट भयाची. आयत्या वेळी कमी पडू नये म्हणून प्रत्येक विभाग आपल्या गरजेच्या दुप्पट मागून ठेवतो, आणि मागितलेले परत करण्यास कोणीच पुढे येत नाही.

ह्या चारही वाटांच्या मुळाशी एकच कारण आहे. भर घालणाऱ्याचे नाव होते. वजाबाकी करणाऱ्याचे होत नाही. नवी सोय दिली की ग्राहक खूष होतो, वरिष्ठ पाठ थोपटतात. जुनी, निरुपयोगी झालेली सोय काढून टाकली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. आणि चुकून काही बिघडले तर दोष मात्र पदरी येतो. त्यातच नवे यंत्र विकत घेण्यापेक्षा जुनी आज्ञावली नीट करणे पुष्कळदा महाग पडते, कारण यंत्राची किंमत उतरते आणि कुशल माणसाचे वेतन चढते. अशा स्थितीत व्यवस्थापक यंत्र घेतो, ह्यात त्याच्यापुरता शहाणपणाच असतो. पूर्वी कचेरीतील सर्व्हरची खोली भरली की निदान भिंत तरी आडवी येत असे. आता दूरच्या डेटा सेंटरमधील यंत्रे भाड्याने मिळतात आणि हवी तेव्हा वाढवून घेता येतात. भिंत गेली; तिच्या जागी महिनाअखेरचे बिल आले.

मग ह्यात बिघडले कोठे, असा प्रश्न कोणी विचारील. बिघडते ते असे की, पसरणारा एक असतो आणि किंमत देणारा दुसराच असतो. पहिली किंमत विजेची. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण विजेचा हा सुमारे दीड टक्का होय. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वाढत्या वापरामुळे २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून अधिक होईल, असेही त्या संस्थेचे अनुमान आहे. दुसरी किंमत त्याहून जवळची आहे, आणि ती गरिबाच्या हातातील जुन्या यंत्राला द्यावी लागते. सर्व्हरवरून येणारी पानेही स्थूल झाली आहेत. २०१० च्या सुमारास इंटरनेटवरील मध्यम आकाराचे पान अर्ध्या मेगाबाइटच्या आसपास असे. आज ते दोन मेगाबाइटांच्या पलीकडे गेले आहे. नवा मोबाइल ते क्षणात उघडतो. निमाडातील एखाद्या खेड्यात, मंद जाळ्यावर आणि जुन्या मोबाइलवर, शिष्यवृत्तीचा अर्ज भरू पाहणाऱ्या विद्यार्थिनीपुढे मात्र तेच पान फिरत्या चक्राच्या रूपाने उभे राहते. अर्जाची मुदत त्या चक्रासाठी थांबत नाही.

शाळांचीही हीच कथा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज दहा ह्या प्रणालीचे नियमित साहाय्य संपले. विंडोज अकरास ठरावीक सुरक्षा-चकती व नवे प्रोसेसर लागतात. त्यामुळे चालत असलेली असंख्य यंत्रे एकाएकी ‘जुनी’ ठरली. त्या निर्णयामागे सुरक्षिततेचे कारण आहे आणि ते खोटे नाही. परंतु ज्या शाळेने वर्गणी काढून दहा संगणक घेतले, तिला त्यांचे पडदे उजळत असताना, कळफलक चालत असताना, ते टाकून देणे परवडणारे नाही. सुदैवाने जुन्या यंत्रांवर चालणाऱ्या हलक्या प्रणाली आजही विनामूल्य मिळतात. ज्या शिक्षकास त्या बसविता येतात, तो आपल्या विद्यार्थ्यांची काही वर्षे वाचवितो.

उपाय अवघड नाहीत. ते नित्य करावे लागतात, एवढीच त्यांची अडचण आहे. नवा सर्व्हर मागण्यापूर्वी जुन्याचे मोजमाप करावे. वापरणारे तितकेच असूनही मेमरीची मागणी आठवड्यामागून आठवडे वाढत असेल, तर तेथे गळती आहे असा संशय घेऊन ती प्रथम शोधावी. वापरणारेच वाढले असतील तर यंत्र अवश्य घ्यावे. प्रत्येक आज्ञावलीस जागेची मर्यादा घालून द्यावी, जसे घरखर्चास अंदाजपत्रक असते. नोंदी किती दिवस ठेवावयाच्या हे आधीच लिहून ठेवावे. नवे पान लोकांपुढे ठेवण्यापूर्वी ते कचेरीतील सर्वांत जुन्या यंत्रावर उघडून पाहावे. आणि वर्षातून एकदा तरी, ‘ह्यातले काय काढून टाकता येईल?’ हा प्रश्न विचारण्याचे काम कोणा एका माणसाकडे सोपवावे व त्या कामाचे श्रेय त्यास द्यावे.

संत लूकच्या शुभवर्तमानात एका धनिकाचा दाखला आहे. पीक कोठारात मावेना, तेव्हा त्याने ती पाडून अधिक मोठी बांधण्याचे ठरविले. पिकाचे काय करावे, ह्याचा दुसरा काही विचार त्याच्या मनात आला नाही. मोठे कोठार हे पुष्कळदा विचार पुढे ढकलण्याचे साधन असते. देवगुराडियाचे मैदान मोकळे राहिले ते घरातील कचऱ्याच्या दोन टोपल्यांमुळे. सर्व्हरच्या बाबतीतही टोपली आज्ञावलीकाराच्या घरातच ठेवावी लागेल. मैदान कितीही मोठे घेतले, तरी ते भरावयास फार दिवस लागत नाहीत.